किडनीत गॅस झालाय म्हणजे नेमकं काय? नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना "किडनीत गॅस झालाय" असं सांगितलं, की निम्म्या वेळा समोरचा चेहरा सैल पडतो. गॅसच ना, मग ठीक आहे. आपल्याकडे हा शब्द फारच घरगुती. छातीत दुखलं तरी गॅस, पाठीत भरलं तरी गॅस. म्हणून पुढचं वाक्य मी लगेच बोलतो: हा तो गॅस नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस जिवाचे आहेत. त्यानंतर येणारे प्रश्न वर्षानुवर्षं बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी मूत्ररोगाचा सर्जन, त्यामुळे स्कॅन आणि नळ्यांबद्दल जरा जास्त बोलेन. चालवून घ्या.

पोटातलाच गॅस किडनीत गेला का? परवा हरभऱ्याची उसळ खाल्ली होती.

उसळीचा काही दोष नाही. आतड्यातल्या वायूला किडनीत जायला एरवी वाटच नसते. हा वायू किडनीतच तयार होतो आणि तो जंतूंनी केलेला असतो.

आंबोळीचं पीठ आठवा. रात्री झाकून ठेवलेलं पीठ सकाळी पातेल्याच्या काठावर आलेलं असतं, वर बुडबुडे. जंतूंनी पिठातली साखर खाल्ली आणि वायू सोडला. किडनीतही घडतं ते याच जातीचं. मधुमेह हाताबाहेर गेला की रक्तात, लघवीत आणि किडनीच्या मांसातही साखर भरपूर असते. ई. कोलाय किंवा क्लेबसिएला हे जंतू ती साखर आंबवतात. त्यातून आम्लं तयार होतात आणि पुढे हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू सुटतात.

धडधाकट अवयवात वाहतं रक्त असा वायू धुऊन नेतं. इथे मात्र सुजेने आणि बारीक गुठळ्यांनी रक्तवाहिन्या बुजत आलेल्या असतात. वायू जागेवर साठतो, त्याच्या दाबाने उरलेला रक्तपुरवठाही आटतो, पेशी मरतात आणि त्या मेलेल्या मांसात जंतूंना आणखी मोकळं रान मिळतं. रक्तच पोहोचत नाही तिथे सलाईनमधून दिलेलं औषध तरी कसं पोहोचणार? उपचारांचं सगळं गणित या एका अडचणीभोवती फिरतं.

कागदावर लिहिलेलं लांबलचक नाव काय आहे?

एम्फिसिमॅटस पायलोनेफ्रायटिस. एम्फिसिमा म्हणजे नको त्या जागी हवा भरणं आणि पायलोनेफ्रायटिस म्हणजे किडनीचा जंतुसंसर्ग. वॉर्डात सगळे 'ईपीएन' म्हणतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या केली आणि मॅक्कॅलम या डॉक्टरांनी १८९८ मध्ये लघवीवाटे हवा जाणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं, तेव्हापासून हा आजार वैद्यकाला ठाऊक आहे. आज वापरतो ते नाव १९६२ मध्ये शुल्ट्झ आणि क्लॉरफाइन यांनी रूढ केलं. सीटी स्कॅन येईपर्यंत त्याचं निदान बरेचदा फार उशिरा व्हायचं.

हा कोणाला होतो?

दहातल्या नऊहून अधिक रुग्णांना मधुमेह असतो, आणि बहुतेकांचा बराच काळ वाढलेला. पुरुषांपेक्षा स्त्रियांना बराच जास्त होतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि जंतूंना वर चढायला सोपं जातं. दुसरं मोठं कारण अडथळा. मूतखडा मूत्रनलिकेत अडकलेला असणं, नलिका आकसलेली असणं, पुरुषांत प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी तुंबणं. मधुमेह नसलेल्याला हा आजार झाला तर मी आधी अडथळाच शोधतो, आणि तो बहुधा सापडतो. प्रत्यारोपण केलेल्या किडनीतही हा होऊ शकतो.

हा संसर्गजन्य नाही. रुग्णाची उशी-पांघरुणं जाळायची गरज नाही. हे खरंच एकांनी विचारलं होतं.

साधी उन्हाळी लागली आहे की हे, घरी कसं ओळखायचं?

उन्हाळीत जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, थेंब थेंब होतं. पण ताप नसतो, जेवण जातं, माणूस कामाला जातो. दुखणं मूत्राशयापुरतं असतं. धने-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी प्यायला तेवढ्यापुरती माझी हरकत नाही.

हुडहुडी भरून ताप आला, एका बाजूच्या कुशीत, बरगडीच्या खाली पाठीकडे ठणका लागला आणि उलट्या सुरू झाल्या, की समजायचं मामला वर किडनीपर्यंत गेला. आता जवाचं पाणी बंद, दवाखाना सुरू. त्यातही रुग्ण मधुमेही असेल आणि त्याला ग्लानी येत असेल, तो असंबद्ध बोलत असेल, श्वास लागला असेल, लघवी कमी झाली असेल किंवा रक्तदाब खाली आला असेल, तर १०८ ला फोन लावायचा. सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही.

अडचण अशी की सुरुवातीला हा आजार साध्या किडनीच्या संसर्गासारखाच दिसतो. लक्षणांवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. मलाही येत नाहीत. लघवीतून फसफस हवा जाणं किंवा कुशीवर दाबलं की कातडीखाली चुरचुर लागणं या खुणा पुस्तकात असतात, पेशंटमध्ये क्वचितच.

एक बाई आठवतात. पन्नाशी ओलांडलेल्या, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. डाव्या कुशीत दुखायला लागलं तेव्हा घरच्यांनी, शेजारच्यांनी आणि त्यांनी स्वतःही ठरवून टाकलं, गॅस आहे. चार दिवस ॲसिडिटीच्या गोळ्या, ओवा, हिंगाचं पाणी. मध्ये एकदा दुखणं थांबावं म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन. पाचव्या दिवशी आमच्याकडे आणल्या तेव्हा वरचा रक्तदाब ८० होता आणि नाव विचारलं तर माहेरचं सांगत होत्या. म्हणत होते ते खरंच होतं, गॅस होता. फक्त जागा चुकली होती.

आमची सोनोग्राफी झाली होती. त्यात तर काही आलं नाही!

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. पण दोष दरवेळी सोनोग्राफी करणाऱ्याचा नसतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. हवा लागली की त्या परत उसळतात, आणि पडद्यावर एक पांढरी चमक आणि तिच्यामागे मळकट सावली दिसते. डाव्या किडनीच्या पुढे तर मोठं आतडं असतंच, त्यातही हवा असते. मग रिपोर्टात वाक्य येतं: 'आतड्यातील वायूमुळे डावी किडनी नीट दिसली नाही.' वरच्या बाईंच्या रिपोर्टात हेच वाक्य होतं. कधी ती चमक खडा म्हणूनही लिहिली जाते.

म्हणून माझं एक साधं म्हणणं आहे, आणि हे पान लिहायला घेतलं ते खरं तर याच्यासाठीच. मधुमेही माणूस, ताप, एका बाजूची कूस दुखतेय, आणि सोनोग्राफीत 'गॅसमुळे किडनी दिसली नाही' असं लिहून आलंय, तर तो रिपोर्ट नॉर्मल धरायचा नाही. ती सीटीची चिठ्ठी समजायची. तसंच अँटिबायोटिक सुरू करून दोन-तीन दिवस झाले आणि ताप हलत नाही, तर औषध बदलण्याआधी स्कॅन करायचा.

पोटाच्या साध्या एक्स-रेत कधी किडनीच्या जागी बुडबुड्यांची जाळी किंवा भोवती चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते. दिसली तर उत्तम. दिसली नाही म्हणून आजार नाही असं मात्र होत नाही.

सीटीत हवा लपत नाही. मांस राखाडी, हाड पांढरं, हवा काळीकुट्ट. आता चरबीही काळपटच दिसते आणि किडनीभोवती चरबी भरपूर असते, त्यामुळे रात्री दोन वाजता मोबाइलवर आलेल्या फोटोत फसायला होतं. त्यावर उपाय सोपा आहे. फुप्फुसं बघायला वापरतात त्या सेटिंगवर, म्हणजे लंग विंडोवर, तेच चित्र बघायचं. चरबी उजळते, हवा काळीच राहते. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, चरबी साधारण उणे १००, तर हवा उणे १००० च्या घरात. एवढा फरक असल्यावर शंका उरत नाही.

क्रिएटिनिन तीनच्या वर आहे. अशात सीटी केला तर किडनी जाईल ना?

क्रिएटिनिन म्हणजे किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारा पदार्थ. भीती असते ती शिरेतून देतात त्या रंगद्रव्याची, स्कॅनची नाही. हवा आणि खडा दोन्ही रंगद्रव्याशिवाय, साध्या सीटीत दिसतात. क्रिएटिनिन वाढलंय म्हणून साधा सीटी लांबवणं ही मला दिसलेली सगळ्यात महागडी काटकसर.

स्कॅनमध्ये हवा दिसली म्हणजे हाच आजार, असंच ना?

बहुतेक वेळा, पण एकदा विचारून घ्यायचं. नुकतीच दुर्बिणीची तपासणी झाली असेल, नळी घातली असेल, किडनीत खड्याचं ऑपरेशन झालं असेल तर बाहेरची हवा आत गेलेली असू शकते. आतडं आणि मूत्रमार्ग यांच्यात छिद्र पडलेलं असेल तरीही हवा येते. अशा माणसाला ताप नसतो, तो गप्पा मारत असतो. कागद आणि माणूस दोन्ही बघावे लागतात.

हवा फक्त मूत्राशयाच्या भिंतीत असेल तर तो वेगळा आजार, एम्फिसिमॅटस सिस्टायटिस. तोही मधुमेह्यांचाच, पण बराच सौम्य. लघवीची नळी, अँटिबायोटिक आणि साखरेवर नियंत्रण एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

डॉक्टर म्हणाले "क्लास थ्री-बी आहे". हे चांगलं की वाईट?

ही मोजणी तैवानच्या ह्वांग आणि त्सेंग यांची. २००० मध्ये त्यांनी आपल्या ४८ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या ४६ जणांना मधुमेह होता, आणि उरलेल्या दोघांच्या किडन्या अडथळ्याने फुगलेल्या होत्या. सीटीत हवा कुठवर पसरली आहे त्यावर त्यांनी वर्ग पाडले. पहिल्या वर्गात हवा फक्त किडनीतल्या लघवी साठणाऱ्या पोकळीत असते. दुसऱ्यात ती किडनीच्या मांसात शिरलेली असते, पण बाहेर नाही. तिसऱ्या 'ए'मध्ये हवा किंवा पू किडनीच्या आवरणाबाहेरच्या चरबीत आलेला असतो आणि 'बी'मध्ये त्याही पलीकडे गेलेला. चौथा वर्ग म्हणजे दोन्ही किडन्यांत आजार, किंवा माणसाला एकच किडनी आहे आणि तिच्यात आजार.

आकडा वाढला की धोका वाढतो, पण नुसत्या आकड्यावर मी नातेवाइकांशी बोलत नाही. त्याच अभ्यासात चार गोष्टी धोक्याच्या ठरल्या: प्लेटलेट कमी होणं, किडनी अचानक बंद पडू लागणं, शुद्ध हरपणं आणि रक्तदाब कोसळणं. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या ज्यांच्यात यातली एखादीच होती किंवा एकही नव्हती, त्यांच्यातले ८५ टक्के नळी घालून आणि अँटिबायोटिकवर निभावले. दोन किंवा जास्त असलेल्यांत तोच उपाय ९२ टक्के वेळा अपुरा पडला. म्हणून सकाळच्या फेरीत मी स्कॅनच्या आधी प्लेटलेटचा आकडा विचारतो. काल १ लाख ४० हजार होत्या आणि आज ७० हजार आहेत, तर वर्ग कोणताही असो, माझी झोप उडते. डेंग्यूच्या दिवसांत तर जास्तच, कारण ताप आणि पडलेल्या प्लेटलेट बघून सगळ्यांचं लक्ष डासांकडे जातं आणि कुशीतलं दुखणं विचारायचं राहून जातं.

आणखी एक वर्गीकरण कधी कानावर येईल: टाइप वन आणि टाइप टू. १९९६ च्या एका अभ्यासातलं. पहिला प्रकार कोरडा. किडनीचं मांस जळल्यासारखं झालेलं, रेघारेघांची हवा, पण पू साठलेला नाही. दुसऱ्यात पू किंवा पाणी असतं आणि त्यात बुडबुडे. ऐकायला विचित्र वाटेल, पण पू असलेला बरा. त्या अभ्यासात कोरड्या प्रकारात ६९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात १८ टक्के. पू आहे म्हणजे शरीर अजून झुंजतंय, आणि नळीने काढायला काहीतरी आहे.

किडनी काढावीच लागणार का?

पूर्वी जवळपास तोच रिवाज होता: निदान झालं की लगेच ऑपरेशन, किडनी बाहेर. कुजलेला भाग काढून टाकावा, हा विचार चुकीचा नव्हताच. पण रक्तदाब औषधांवर टेकवलेला, साखर चारशेच्या पुढे, प्लेटलेट पडलेल्या, अशा माणसाला भूल देऊन मोठं ऑपरेशन करायचं म्हणजे तिथेच निम्मा जीव जातो.

चित्र बदललं ते त्वचेतून घालायच्या नळीने. २००८ मध्ये सोमाणी आणि सहकाऱ्यांनी १० अभ्यासांतल्या २१० रुग्णांचे निकाल एकत्र मांडले. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत ५० टक्के दगावले. औषधं आणि तातडीने किडनी काढणं, यात २५ टक्के. औषधं आणि नळी, यात १३.५ टक्के. हे आकडे तराजूत घालून सरळ तोलायचे नाहीत. कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, जास्त खालावलेल्यांचं ऑपरेशन झालेलं असणं शक्य आहे. तरी दिशा स्पष्ट आहे, आणि रोजचा अनुभव तिच्याशी जुळतो. आधी नळी, मग बघू.

किडनी काढायची वेळ आजही येते. नळी, अँटिबायोटिक सगळं करून दोन-तीन दिवसांत माणूस सावरत नाही, पू पुन्हा पुन्हा साठतोय, किंवा सबंध किडनी कोरडी पडून कुजली आहे. तेव्हा थांबणं धोक्याचं. दुसरा प्रसंग निवांतपणे येतो. माणूस बरा झाला, घरी गेला, दोन-तीन महिन्यांनी रेडिओआयसोटोप स्कॅन केला आणि ती किडनी जेमतेम दहा टक्के काम करते असं दिसलं, वर पुन्हा पुन्हा ताप. मग ठरवून, तब्येत सुधारल्यावर काढतात. जीव वाचवण्याची घाई आणि किडनी काढण्याची घाई एक नव्हे.

दुसरी किडनी चांगली असेल तर एका किडनीवर आयुष्य नीट जातं. किडनीदान केलेले लोक तसेच जगत असतात.

नुसत्या भारी इंजेक्शनांनी नाही का भागणार?

पहिल्या वर्गात, अडथळा नसेल आणि रुग्ण स्थिर असेल तर भागतं. दुसऱ्या वर्गातही निवडक रुग्णांत, रोज नजर ठेवून. पण खडा अडकून लघवी तुंबली असेल तर कितीही महागडं इंजेक्शन द्या, तुंबलेल्या मोरीत वरून फिनाइल ओतण्यासारखं आहे. आधी मोरी मोकळी करायची.

कोणतं अँटिबायोटिक देतात? आणि कल्चरचा रिपोर्ट यायला तीन दिवस का?

आपल्याकडे मूत्रमार्गातल्या जंतूंनी जुन्या औषधांना दाद देणं बरंचसं सोडून दिलंय. सिप्रोफ्लॉक्सासिन वर्षानुवर्षं गोळी-बिस्किटासारखं खाल्लं गेलं, त्याची ही किंमत. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाला सुरुवातीलाच मेरोपेनेम किंवा इमिपेनेमच्या गटातलं, किंवा परिस्थिती बघून पिपरॅसिलिन-टाझोबॅक्टम देतात. अमिकासिनही प्रभावी, पण आजारी किडनीला ते त्रासदायक, म्हणून जपून. डोस किडनीच्या कामानुसार बदलतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिवसातून तीनदा आणि आपल्या आईला दोनदाच, याचा अर्थ हयगय नाही.

पहिल्या डोसाआधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घ्यायचं, मात्र त्यासाठी डोस खोळंबवायचा नाही. कल्चर म्हणजे जंतूंना ताटलीत वाढवून कोणत्या औषधाने मरतात ते बघणं. वाढायला त्यांना वेळ लागतो, आपली घाई त्यांना कळत नाही. रिपोर्ट आला की जमेल तर साधं औषध निवडतात. नातेवाइकांना वाटतं औषध 'उतरवलं', पण ते चांगलं लक्षण आहे. कधी जंतूऐवजी कँडिडा ही बुरशी उगवते, मग बुरशीचं औषध लागतं.

आणि हो, उन्हाळीसाठी सर्रास देतात ती नायट्रोफ्युरँटॉइनची गोळी मूत्राशयापुरती. किडनीच्या मांसात ती पुरेशी पोहोचत नाही. ताप आणि कूसदुखी असताना घरात उरलेली ती गोळी घेऊन बसू नका.

नळी म्हणजे ऑपरेशन का? कुठून घालतात?

टाके-बिके नाहीत, पूर्ण भूलही बहुधा नाही. रुग्णाला पालथं किंवा कुशीवर झोपवतात, पाठीच्या बाजूला कातडी बधिर करतात, सोनोग्राफी किंवा सीटीत बघत सुई पुवापर्यंत नेतात. सुईतून तार, तारेवरून नळी. आत गेली की नळीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं, म्हणून नाव पिगटेल. वळल्यामुळे ती सहज निसटत नाही. पू दाट असतो, म्हणून नळी जाड लागते, १४ फ्रेंच किंवा त्याहून मोठी. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग, त्यामुळे ही झाली पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. शहाळ्याच्या स्ट्रॉपेक्षा जरा बारीक समजा. पू दोन-तीन कप्प्यांत असेल तर दोन-तीन नळ्या.

पहिल्यांदा नळीचं तोंड उघडतो तेव्हा कधी पुवाआधी फुस्स करून हवा येते. त्या खोलीतले सगळे क्षणभर गप्प होतात, मग कोणीतरी पंखा वाढवतं.

नळी काही दिवस ते काही आठवडे राहते. पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, रोज किती मिली आलं ते वहीत लिहायचं. शंभर, ऐंशी, तीस, दहा असं उतरत गेलं तर उत्तम. ऐंशीवरून एकदम शून्य झालं तर आनंद मानू नका. नळी बुजली असणार, कळवा. ती सलाईनने धुवावी लागते आणि ते शिकवल्याशिवाय घरी करायचं नसतं.

आणि डीजे स्टेंट?

तो आतला, नळीसारखाच. किडनीपासून मूत्राशयापर्यंत, अडथळ्याच्या बाजूने लघवीला वाट करून देणारा. बाहेर काही दिसत नाही, आणि म्हणूनच लोक विसरतात. वर्ष-दीड वर्ष आत राहिलेल्या स्टेंटवर खडे चढलेले मी काढले आहेत, आणि ते काम मूळ आजाराइतकंच किचकट असतं. काढायची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच विचारा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, जिथे दुधाचा हिशोब लिहिता तिथेच.

डायलिसिस लावलंय. आता कायमचं का?

बहुतेकदा नाही. जंतुसंसर्गाने आणि कमी रक्तदाबाने किडन्या तात्पुरत्या ठप्प होतात, संसर्ग आटोक्यात आला की लघवी पुन्हा सुरू होते. काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. मधुमेहाने किडन्या आधीपासूनच खराब असतील तर मात्र कायमचं लागण्याची शक्यता खरी आहे. जुना क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर दाखवा, आमचा अंदाज त्याच्यावर अवलंबून असतो.

शुगरच्या गोळ्या बंद करून इन्सुलिन का? सवय लागेल.

सवय वगैरे लागत नाही. आजारात साखर तासातासाला हलते, आणि ती पकडायला इन्सुलिनच हवं. मेटफॉर्मिन अशा वेळी थांबवतात, कारण किडनी काम करत नसताना रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्याही थांबवतात. त्यांच्यामुळे साखर लघवीवाटे जाते, आणि आजारपणात, उपाशीपोटी साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढवणारे कीटोन वाढू शकतात. गोळ्या वाईट नाहीत, वेळ वाईट आहे. पुन्हा कधी सुरू करायच्या ते डॉक्टर सांगतील.

घरी ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या वेदनाशामकांचा मार थेट किडनीवर बसतो. "एक सुई मारा, लगेच बरं वाटेल" हा आग्रह डॉक्टरला धरू नका.

सुधारणा होतेय हे कशावरून कळतं? घरी कधी?

आधी रक्तदाबाची औषधं कमी होतात, मग माणूस ओळखू लागतो, मग लघवी वाढते, प्लेटलेट चढतात. ताप सगळ्यात शेवटी जातो, कधी आठवडा घेतो. तिसऱ्या दिवशी ९९ ताप असला तरी रुग्णाने चहा मागितला असेल तर मी खूश असतो. अँटिबायोटिक साधारण दोन ते चार आठवडे, त्यातला सुरुवातीचा भाग शिरेतून. नळी काढण्याआधी बहुतेकदा पुन्हा सीटी करतात. त्यात थोडी हवा अजून दिसली तर घाबरू नका, माणूस सुधारत असेल तर ती मागाहून जिरते.

खर्च फार येतो. काही सोय?

आयसीयू आणि महागडी अँटिबायोटिकं, खर्च होतो, खोटं कशाला सांगू. दाखल होतानाच रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा, आणि असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड पहिल्या दिवशीच मागवून घ्या. मंजुरी नंतर मिळवायला जास्त धावपळ होते.

पुन्हा होऊ नये म्हणून?

साखर, साखर आणि साखर. त्यानंतर खडा असेल तर तो काढून टाकणं, 'दुखत नाही ना, राहू दे' म्हणून ठेवणं नव्हे. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर होतात, लघवी पूर्ण होत नाही आणि ते जाणवतही नाही. लघवी करून आल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत कळतं, एकदा बघून घ्या.

बायकांना मी पाणी प्या म्हणून सांगतो आणि स्वतःलाच जरा ओशाळं वाटतं. सकाळी एसटीने निघालेली बाई संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत घोटभर पाणी पीत नाही, कारण वाटेतल्या स्टँडवरचं स्वच्छतागृह तिने पाहिलेलं असतं. शेतावर, बाजारात तीच गत. हे औषधाने सुटणारं नाही. तरी निदान घरी असताना लघवी तुंबवू नका.

काही त्रास नसताना लघवीच्या तपासणीत जंतू आले तर मात्र सहसा औषध लागत नाही, मधुमेह असला तरी. गरोदरपण आणि मूत्रमार्गाचं होऊ घातलेलं ऑपरेशन हे त्याला अपवाद. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकमुळे पुढच्या वेळचा जंतू जास्त मुरलेला निघतो.

कोणते कागद सांभाळून ठेवायचे?

डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा रिपोर्ट आणि सीटी. सीटीचा नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडी हवी. पुढच्या वेळी ताप आला तर जुन्या स्कॅनशी ताडून बघता येतं, आणि कल्चरवरून पहिलं इंजेक्शन निवडता येतं. फिल्म गादीखाली ठेवू नका, घडी पडते आणि घडीची पांढरी रेघ नेमकी किडनीवरून जाते. कपाटावर, आडवी, तिच्याच पाकिटात.